पेन, टॉमस

(२९ जानेवारी १७३७ – ८ जून १८०९). अमेरिकन व फ्रेंच या दोन्ही क्रांत्यांत लेखणी घेऊन उतरलेला इंग्रज राजकीय पुस्तिकाकार. जन्म इंग्लंडमधील थेटफर्ड येथे. वडील क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, कॉर्सेट (स्त्रियांचे कंबर आवळणारे अंतर्वस्त्र) शिवणारे कारागीर. पेनही तेच काम शिकला, पुढे अबकारी खात्यात लागला आणि १७७४ मध्ये ती नोकरी गेल्यावर बेंजामिन फ्रँक्लिनचे शिफारसपत्र घेऊन फिलाडेल्फियाला पोहोचला.

१० जानेवारी १७७६ रोजी त्याची ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका लेखकाच्या नावाविना निघाली. तोवर अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींचा रोष मुख्यतः ब्रिटिश पार्लमेंट आणि मंत्र्यांवर होता. राजावरची निष्ठा बहुतेकांनी सोडली नव्हती. पेनने थेट राजपदावरच घाव घातला. एका बेटाने अख्ख्या खंडावर कायम राज्य करावे हे त्याला विपरीत वाटे. इंग्लंडच्या राजघराण्याचा मूळपुरुष विल्यम (अकराव्या शतकात इंग्लंड जिंकणारा नॉर्मन सरदार) म्हणजे सशस्त्र लुटारू घेऊन किनाऱ्यावर उतरलेला अनौरस फ्रेंच, असे त्याने बेधडक लिहिले. विद्वानांची लॅटिन अवतरणे टाळून त्याने दाखले घेतले ते बायबलमधून, कारण शेतकऱ्यालाही ते पाठ होते. त्याचे खरे सामर्थ्य या भाषेत आहे. जुलैमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला, त्याआधीची मनोभूमी तयार करण्यात या पुस्तिकेचा वाटा फार मोठा होता.

फ्रेंच क्रांतीवर ब्रिटिश राजकारणी व विचारवंत एडमंड बर्कने केलेल्या टीकेला पेनने ‘राइट्स ऑफ मॅन’ (१७९१-९२) लिहून उत्तर दिले. मेलेल्या पिढीला जिवंतांना बांधून ठेवण्याचा अधिकार नाही, हे त्याचे मुख्य म्हणणे. दुसऱ्या भागात गरिबांच्या मुलांसाठी साहाय्य, वृद्धांना वेतन आणि मोठ्या मिळकतींवर चढता कर अशी बारकाईने आकडेमोड केलेली योजना आहे. इंग्लंडमध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालून त्याच्या गैरहजेरीत तो दोषी ठरला.

तोवर तो फ्रान्सच्या नॅशनल कन्व्हेन्शनचा (क्रांतिकाळातील लोकप्रतिनिधींच्या सभेचा) सदस्य झाला होता. फ्रेंच येत नसल्याने त्याची भाषणे दुसरे वाचून दाखवीत. राजेशाहीचा हा कट्टर वैरी फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्या देहदंडाला मात्र विरोध करत उभा राहिला: राजपद नष्ट करा, माणसाला मारू नका. पेनच्या आयुष्यातील हा सर्वांत धैर्याचा प्रसंग म्हणावा लागेल. डिसेंबर १७९३ मध्ये त्याला पॅरिसमधील लक्झेंबर्ग तुरुंगात टाकण्यात आले. त्याने स्वतः सांगितल्याप्रमाणे, गिलोटिनवर (शिरच्छेदाच्या यंत्रावर) न्यायच्या कैद्यांची खूण त्याच्या कोठडीच्या दारावर झाली होती. पण दार बाहेर उघडून भिंतीला टेकलेले असल्याने ती आतल्या बाजूस पडली आणि दार लावल्यावर दिसेनाशी झाली. नोव्हेंबर १७९४ मध्ये फ्रान्समधील अमेरिकन राजदूत जेम्स मन्‍रोच्या खटपटीने तो सुटला.

‘एज ऑफ रीझन’ मध्ये त्याने एक ईश्वर मानला, पण धर्मग्रंथ ईश्वरप्रणीत असल्याचे नाकारले. यामुळे अमेरिकेतील जुने स्नेहीही दुरावले. न्यूयॉर्कमध्ये तो वारला तेव्हा अंत्यविधीला मोजकीच माणसे होती.

महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी १८४७ च्या सुमारास ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे जोतीरावांनी मांडलेला ‘निर्मिक’ (सृष्टी निर्माण करणारा एकच ईश्वर) आणि जन्मसिद्ध मानवी हक्कांचा आग्रह पेनच्या विचारांशी जवळचे नाते सांगतो. मात्र जोतीरावांचा रोख राजापेक्षा जातिव्यवस्थेवर आणि भटशाहीवर होता.