ब्रिटनमधील शेतीच्या हंगामी कामाचा व्हिसा : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ब्रिटिश शेतीचे दोन आधार एकाच वेळी हलले. इंग्लंडमध्ये जमिनीच्या क्षेत्रफळावर मिळणारे थेट अनुदान २०२१ पासून टप्प्याटप्प्याने बंद होत असून सरकारी पैसा पर्यावरणरक्षणाच्या कामांकडे वळवला जात आहे. आणि पूर्व युरोपातून व्हिसाशिवाय येणाऱ्या मजुरांची वाट २०२१ च्या आरंभी बंद झाली. स्ट्रॉबेरी, सफरचंद आणि भाजीपाल्याची तोडणी मात्र थांबत नाही. म्हणून २०१९ मध्ये २,५०० जागांवर प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेला हंगामी कामगार व्हिसा आता तिथल्या फळबागांचा मुख्य आधार बनला आहे. त्यासाठी भारतीय नागरिकही अर्ज करू शकतात.

अर्जदाराचे वय किमान १८ वर्षे हवे. शिक्षणाची किंवा इंग्रजी परीक्षेची अट नाही. खरी अट प्रायोजकाची आहे : ब्रिटिश सरकारने मान्यता दिलेल्या मोजक्या संस्थांपैकी एकीने निवड करून ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’चा क्रमांक दिल्याशिवाय अर्जच करता येत नाही. हे प्रमाणपत्र कागदी नसून संगणकीय नोंद असते आणि ती मिळाल्यापासून ३ महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. काम मिळवून देण्याबद्दल मजुराकडून शुल्क घेणे ब्रिटिश कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे लाखभर रुपये आगाऊ मागणाऱ्या दलालाशी बोलणे तिथेच संपवावे.

कागदपत्रे थोडीच लागतात : वैध पासपोर्ट, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि खात्यात सलग २८ दिवस किमान १,२७० पौंड असल्याचा पुरावा. पहिल्या महिन्याच्या खर्चाची हमी प्रायोजकाने घेतली असल्यास हा पुरावा लागत नाही. मराठी कागदपत्रांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे. अर्ज ऑनलाइन भरून बोटांचे ठसे आणि छायाचित्र व्हिसा केंद्रावर द्यावे लागते. एप्रिल २०२५ मध्ये शुल्क ३१९ पौंड झाले. ते वेळोवेळी बदलते, म्हणून भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर पाहावे. निर्णय साधारणपणे ३ आठवड्यांत कळतो.

फळे, भाज्या व फुलांच्या कामासाठी जास्तीत जास्त ६ महिने राहता येते. कोंबडीपालन उद्योगातील कामासाठी मुदत २ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर अशी असून अर्ज १५ नोव्हेंबरपर्यंत करावा लागतो. कुटुंबाला सोबत नेता येत नाही, कायमस्वरूपी नोकरी स्वीकारता येत नाही आणि सरकारी मदतीवर हक्क सांगता येत नाही. आठवड्याला किमान ३२ तासांचे वेतन देणे मात्र मालकावर बंधनकारक आहे, मग पावसाने तोडणी थांबलेली असली तरीही.