कुंडीतल्या लिंबाचं दुखणं ओळखणं

कुंडीतल्या कागदी लिंबाला (किंवा संत्रं, मोसंबी, ईडलिंबाला) नक्की काय झालंय हे पानं, माती, मुळं आणि कीड बघून ठरवणं म्हणजे त्याचं निदान. इंदूरमध्ये रामबाग, लोकमान्य नगरकडच्या मराठी घरांत गच्चीवर तुळस, कढीपत्ता आणि लिंबू बहुतेक असतंच, सकाळच्या पोह्यांवर घरचं लिंबू पिळायला मिळावं म्हणून, आणि तिघांत जास्त नखरे लिंबाचेच. पान पिवळं पडलं की लोक सरळ नर्सरीतून खताची पुडी आणतात, पण पिवळेपणाची कारणं पाच-सहा तरी आहेत आणि काहींत खत घातलं तर झाड उलट जास्त बसतं.

पहिलं बघायचं ते पिवळं पान जुनं आहे की नवं. नायट्रोजन आणि मॅग्नेशियम कमी पडलं तर झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पालवीला देतं, लोह आणि झिंकचं तसं सहज होत नाही, म्हणून त्यांची कमी नव्या पानांवर दिसते. खालची जुनी पानं सरसकट फिकट पिवळी झाली तर नायट्रोजन. जुन्याच पानाच्या कडा पिवळ्या पण देठाकडे हिरवा त्रिकोण शिल्लक, तर मॅग्नेशियम. शेंड्याची पानं पिवळी आणि त्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी तर लोह, आणि पानं लहान, अरुंद, शिरांच्या मधे पिवळे ठिपके असं असेल तर झिंक.

आता लोहाचं इंदुरी कारण बघा. नळाला जलूदहून नर्मदेचं पाणी येतं, पण बऱ्याच कॉलन्यांत झाडांना बोरिंगचंच पाणी घालतात आणि ते बरेचदा जड असतं, मातीच्या कुंडीला बाहेरून पांढरा थर चढलेला दिसला की समजायचं. अशा पाण्याने माती अल्कलीकडे झुकते, लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही, मग हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचंच खत) कितीही टाका, तेही तिथेच अडकून बसतं. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (रसायनात गुंफलेलं, मातीत अडकून न बसणारं) अशा मातीतही चालतं, साधं ईडीटीएवालं फारसं नाही. कुणीतरी सांगतं म्हणून चुना किंवा अंड्याची टरफलं घालणं तर इथे अगदीच उलटं.

पण खताआधी बोट. मातीत दोन पेरं बोट घालून बघायचं, ओली असूनही पानं मलूल आहेत तर तहान नाही, मुळं कुजतायत. झाड हलकेच कुंडीतून काढलं तर चांगली मुळं पांढरट-पिवळसर आणि कडक लागतात, कुजलेली तपकिरी, आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल निघून आत नुसता दोरा उरतो. असं असेल तर पाणी बंद, कुजकं छाटायचं, भुसभुशीत मातीत लावायचं आणि नवी पालवी फुटेपर्यंत खत अजिबात नाही. माळव्याची काळी माती नुसतीच भरली की हे हमखास होतं, पावसाळ्यात ती पाणी सोडत नाही आणि नौतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, वरून घातलेलं पाणी त्या फटीतून खाली जातं, बशी भरते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. वाळू आणि कंपोस्ट मिसळल्याशिवाय ती कुंडीत घालूच नये. (कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ याच शहरातली, ब्रिटिश शेतीतज्ज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत बसवलेली, आणि तरी लोक खताची पुडी शोधतात.)

जानेवारीत पानं पिवळट झाली तर जरा थांबायचं, थंड मातीत मुळांचं काम मंदावतं, ऊन वाढलं की बरेचदा आपोआप सुधारतं.

किडींत सगळ्यात घाबरवणारी आणि सगळ्यात कमी नुकसान करणारी म्हणजे नागअळी, कोवळ्या पानावर चांदीसारखी वाकडीतिकडी रेघ काढते. मोठ्या झाडाला फवारणी लागत नाही, पण तिच्या जखमांतून खैऱ्या, म्हणजे कँकर हा जिवाणूजन्य रोग, शिरतो हे लक्षात ठेवायचं. खैऱ्याचे डाग पानाच्या दोन्ही बाजूंना खरखरीत उठलेले असतात, भोवती पिवळं वलय, पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतात, आणि कागदी लिंबू त्याला फार लवकर बळी पडतं. डागाळलेल्या फांद्या कोरड्या दिवशी छाटून कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारतात, लिटरला साधारण ३ ग्रॅम. पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी पानावर चिकटलेलं दिसलं तर ती लिंबाच्या फुलपाखराची अळी, बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडते. दोन-चार असल्या तर हाताने उचलून टाकायच्या. पानं चिकट आणि वर काळी कोळशी (काजळीसारखी बुरशी) दिसली की पानाखाली खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण शोधायचा, मुंग्यांची रांग पत्ता सांगतेच.

सिल्ला ही रस शोषणारी बारीक कीड मात्र हलक्यात घेऊ नये, कोवळ्या शेंड्यावर बसते, तिच्या पिल्लांमागे पांढरे मेणाचे धागे लोंबतात, आणि शेजारच्या कढीपत्त्यावरही तिची पिल्लावळ वाढते, त्यामुळे दोन्ही झाडं तपासायची. तिच्यामुळे ग्रीनिंग हा जिवाणूंचा रोग पसरतो. त्यात पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन बाजूंना सारखा नसतो, खताच्या कमतरतेत तो बहुतेक सारखा असतो, हीच ढोबळ खूण. खात्री प्रयोगशाळेतल्या पीसीआर (रोगजंतूचा डीएनए शोधणाऱ्या) तपासणीनेच होते आणि त्यावर औषध नाही, झाड काढावंच लागतं.

झाड हिरवंगार, काटे दणकट, पण फळ भलतंच लागतं किंवा लागतच नाही, असं कलमी झाडात झालं तर कलमाच्या जोडाखाली बघायचं. खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधलेलं असतं ते खालचं झाड, बहुतेक जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचा असतो, त्याचेच धुमारे वर जाऊन मूळ कलमाला मागे टाकतात. ते बुडापासून काढायचे, वरून छाटले तर दुप्पट फुटतात.