चूल वेगळी झाली, आता घर: खान्देशात पहिल्या घरकुलासाठी कागद कोणत्या क्रमाने लावायचे

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे सालदाराचं (वर्षाच्या बोलीवरच्या शेतगड्याचं) साल बदलतं, शेतीचे हिशेब मिटतात आणि पुष्कळ घरांत त्याच दिवसांत भावाभावांच्या चुलीही वेगळ्या होतात. अहिराणीत याला 'वायलं निंघनं' म्हणतात. भांडीकुंडी वाटली जातात, ओसरीत आडोसा घालून एक खोली काढली जाते आणि धाकटी सून त्या खोलीत पहिला चहा ठेवते. घरच्यांच्या आणि गावाच्या लेखी कुटुंब वेगळं झालं. सरकारी दप्तरात मात्र ते अजून मोठ्या भावाच्याच रेशनकार्डावर असतं.

मी हे स्वतः भोगलं आहे. आम्ही तिघे भाऊ, धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) एकच घर. चूल वेगळी करून दोन वर्षं झाली होती, तेव्हा प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलांसाठीचं २०१८ चं आवास प्लस सर्वेक्षण गावात आलं. रेशनकार्ड एकच, रोजगार हमीचं जॉबकार्ड एकच, नमुना ८ वर (ग्रामपंचायतीतल्या घराच्या उताऱ्यावर) वडिलांचं नाव. तिघा भावांत मिळून एकच कुटुंब नोंदलं गेलं आणि पुढच्या सर्वेक्षणापर्यंत आम्ही दोघे धाकटे यादीबाहेर राहिलो. त्या काळात दर पावसाळ्याआधी धाब्यावर पांढरी माती टाकायची आणि रात्री कुठं गळतंय ते बघायचं, एवढंच हातात होतं. म्हणून सांगतो, घरकुलाच्या अर्जाआधीचे कागद जास्त महत्त्वाचे आहेत. ते क्रमाने लावा, आणि भावाभावांत बोलणं गोड आहे तोवरच लावा. वडील हयात असतील तर त्यांच्यासमोर.

आधी रेशनकार्ड

घरकुलाच्या हिशेबात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची लग्न न झालेली मुलं. लग्न झालेला भाऊ एका छताखाली राहत असला तरी त्याचं कुटुंब वेगळं धरता येतं, पण ते दाखवायला कागद लागतो आणि गावपातळीवर पहिला कागद रेशनकार्डाचाच बघतात.

विभक्त रेशनकार्डासाठी अर्ज तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत करायचा. आधी जुन्या कार्डातून तुमची, पत्नीची आणि मुलांची नावं कमी होतात, मग नवीन कार्ड निघतं. सोबत जुन्या कार्डाची प्रत, सगळ्यांची आधार कार्डं, रहिवासाचा पुरावा (वीजबिल किंवा घरपट्टीची पावती), तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, फोटो आणि जुन्या कार्डावरच्या कुटुंबप्रमुखाचं संमतीपत्र जोडा. नवीन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून पत्नीचं नाव लावा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्रीच कुटुंबप्रमुख धरली आहे.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या, नाहीतर घरात वाद होतो. जुनं कार्ड अंत्योदयचं असेल तर त्यावर महिन्याला ३५ किलो धान्य कार्डामागे मिळतं, माणसामागे नाही. तुम्ही वेगळे झालात म्हणून तुमचं नवीन कार्ड आपोआप अंत्योदयचं होत नाही. अंत्योदयखालोखाल स्वस्त धान्य मिळणाऱ्या 'प्राधान्य कुटुंब' गटात बसायला ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्न ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपयांच्या आत लागतं आणि तालुक्याच्या इष्टांकात (ठरवून दिलेल्या संख्येत) जागाही लागते. तोवर कार्ड हातात असतं, धान्य नसतं. आमच्याकडे काही महिने असंच गेलं. तरीही मी म्हणेन, कार्ड वेगळं करा. धान्याची अडचण आज ना उद्या सुटते, हुकलेलं सर्वेक्षण परत यायला वर्षं लागतात.

याच फेरीत ग्रामपंचायतीतून रोजगार हमीचं जॉबकार्डही स्वतंत्र करून घ्या, त्याला पैसे लागत नाहीत. आणि आधारवरची नावं बघा. बायकोच्या आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, रेशनकार्डावर टोपणनाव, असं खेडोपाडी सर्रास असतं. घरकुलाचा हप्ता अडकतो तो इथं. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीतून मिळतं, त्यावर आधारचं नाव दुरुस्त होतं. ज्या खात्यात पैसे यायचे ते खातं आधारशी जोडलेलं आहे की नाही, हे बँकेत जाऊन विचारा. पासबुक आहे म्हणजे जोडणी आहे असं नाही.

दाखल्यांच्या कामात आणखी एक. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. उत्पन्नाच्या, जातीच्या, रहिवासाच्या दाखल्यासाठी कुणी ५०० चा स्टॅम्प मागितला तर घेऊ नका, साधा कागद चालतो. ज्याचे ५०० वाचतात त्याची दीड-दोन दिवसांची मजुरी वाचते.

जागा कोणाच्या नावावर

बांधायची जागा तुमच्या नावावर दिसली पाहिजे. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीत नमुना ८ चा उतारा असतो. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावांत मिळकत पत्रिकाही मिळते. वडिलांच्या नावावरची खुली जागा तुम्हाला यायची असेल तर भावांनी मिळून वाटणीपत्र करा, नाहीतर वडिलांनी मुलाला बक्षीसपत्र करून द्यावं. राहत्या घराच्या जागेचं बक्षीसपत्र मुलाला, मुलीला, नातवाला करून दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. मग त्या दस्ताची प्रत लावून ग्रामपंचायतीत नोंदीचा अर्ज द्यायचा आणि ती नोंद मासिक सभेपुढे जाते. अर्जात चारी बाजूंच्या चतुःसीमा, फूट-इंचात लांबी-रुंदी लिहा. 'वडिलोपार्जित जागेपैकी अर्धा भाग' असं लिहून दिलं तर पुढे जोत्याच्या वेळी भाऊ टेप घेऊन उभा राहतो.

घरातल्या बहिणींनाही विचारा. वडील नसतील तर वारस त्याही आहेत. आखाजीला माहेरी आल्या की गोडीने बोलून, त्यांच्या मर्जीने हक्कसोड किंवा हिस्सा काय ते ठरवा. त्यांना न सांगता उरकलेलं काम मला पटत नाही, आणि कायद्यातही ते टिकत नाही.

जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. घरकुल मंजूर आहे पण जागा नाही, अशा लाभार्थ्याला ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला १ लाख रुपयांपर्यंत मदत मिळते, पूर्वी ती ५० हजार होती. अर्ज पंचायत समितीत. शेतजमिनीतला लहान तुकडा घ्यायचा झाल्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्या, तुकडेबंदीमुळे नुसतं खरेदीखत चालत नाही.

आता घरकुल

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ पासून चालू आहे, तिचा पुढचा टप्पा २०२४ ते २०२९ असा आहे. सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगरी आणि दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. सातपुड्यात, म्हणजे धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यात राहणाऱ्यांनी आपल्या गावाला कोणता दर लागू आहे हे पंचायत समितीत विचारून घ्यावं. शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी (२०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने २८,०८० रुपये) आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. राज्य शासनाने २०२५ मध्ये या टप्प्यासाठी ५० हजारांची भर जाहीर केली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर यंत्रणेसाठी आहेत. घरकुलाला ५ ब्रास वाळू मोफत देण्याचं धोरणही त्याच वर्षी आलं. गिरणा, तापी, पांझरेच्या काठावर राहूनही वाळूसाठी किती पैसे मोजावे लागतात हे ज्याला माहीत आहे, त्याने तहसीलमध्ये हा अर्ज जरूर द्यावा.

कोण बसत नाही, हे नीट वाचा. घरात तीन किंवा चार चाकी वाहन, ट्रॅक्टरसारखं यांत्रिक औजार, ५० हजार किंवा त्याहून जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड, सरकारी नोकरी, शासनाकडे नोंदलेला बिगरशेती धंदा, घरातल्या कुणाची महिन्याला १५ हजारांच्या वर कमाई, आयकर किंवा व्यवसाय कर, अडीच एकर किंवा जास्त बागायत, पाच एकर किंवा जास्त कोरडवाहू, यातलं एकही असेल तर नाव वगळलं जातं. पूर्वी दुचाकी, फ्रीज आणि लँडलाइन फोनही या यादीत होते, ते आता काढले आहेत. हिरो होंडा आहे म्हणून आपलं नाव येणार नाही असं समजून घरी बसू नका. रावेर-यावलकडे केळीचा अडीच एकराचा तुकडा असेल तर मात्र अडचण आहे, कारण ती बागायत आहे. इथंही वाटणी कागदावर झाली आहे की नाही याने फरक पडतो. सातबारा सामाईक असेल तर तुमच्या हिश्शाला किती येतं हे दाखवणारा कागद जवळ ठेवा.

आणखी एक अट भावकीत फार दुखावते. राहतं घर पक्कं किंवा दोनपेक्षा जास्त खोल्यांचं असेल तर सर्वेक्षणात ते कुटुंब गळतं. वडिलांच्या स्लॅबच्या घरात तुम्ही एका खोलीत दाटीवाटीने राहत असलात तरी फोटो त्या स्लॅबचाच निघतो. अशा वेळी फोटोपुरती शेजारच्या पडक्या खोपटात चूल मांडू नका. पडताळणी होते, यादी ग्रामसभेपुढे वाचली जाते, आणि खरंच झोपडीत राहणाऱ्या एखाद्या बाईचं नाव तुमच्यामुळे मागं जातं.

अर्जाचा फॉर्म भरून टपालात टाकायची ही योजना नाही. सर्वेक्षण सुरू असेल तेव्हा नाव नोंदतं. २०२४ च्या सर्वेक्षणात आवास प्लस ॲपवर स्वतःही माहिती भरण्याची सोय होती. माझ्या घरी सर्वेक्षण झालं ते दुपारी. पत्नीला उन्हात दारापुढे उभं केलं, मोबाइल तिच्या चेहऱ्यासमोर धरला आणि डोळ्यांची उघडझाप करायला सांगितलं. दोनदा चेहरा जुळला नाही, पदर बाजूला घेतल्यावर तिसऱ्यांदा जुळला. मग आतली भिंत, धाबं आणि चुलीची जागा यांचे फोटो. या वेळी कागद तयार होते, म्हणून दहा-पंधरा मिनिटांत काम उरकलं: दोघांचं आधार, बँकेचं पासबुक, जॉबकार्ड, रेशनकार्ड, जागेचा उतारा, पक्कं घर नसल्याचं स्वयंघोषणापत्र आणि आधारला जोडलेला चालू मोबाइल.

यादी ग्रामसभेत येते तेव्हा हजर राहा. प्राधान्य आधी बेघरांना, मग एका खोलीच्या, मग दोन खोल्यांच्या कच्च्या घरांना असतं. नाव चुकून वगळलं गेलं असेल तर हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

आदिवासी कुटुंबांना शबरी घरकुल (नंदुरबार, तळोदा, धुळे, यावल इथल्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांत चौकशी करा), अनुसूचित जाती व नवबौद्धांना रमाई आवास, इतर मागासवर्गीयांना २०२३-२४ पासून मोदी आवास, अशा राज्याच्या योजनाही आहेत. लाभ एकाच योजनेचा मिळतो.

मंजुरी पत्नीच्या किंवा दोघांच्या नावाने येते. पहिला हप्ता १५ हजारांचा येतो, पुढचे जोतं, छताची पातळी आणि पूर्णत्व अशा टप्प्यांवर, प्रत्येक वेळी जागेवर फोटो काढून. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट, स्वयंपाकाची जागा धरून. बारा महिन्यांत पुरं करायचं असतं. पहिल्या हप्त्यात जोतं होत नाही हे गृहीत धरा. मी कापूस विकल्यावर काम सुरू केलं आणि स्लॅब मे महिन्याआधी टाकला, कारण मे मध्ये जळगावकडे पारा ४५ वर जातो, पाणी आटतं आणि स्लॅबला पाणी मारायला टँकर विकत घ्यावा लागतो.

जळगाव, धुळे किंवा भुसावळ, अमळनेर, शिरपूर, शहादा अशा शहरांत भाड्याच्या खोलीत दोघा-तिघांत राहणाऱ्यांसाठी प्रधानमंत्री आवासच्या शहरी योजनेचा २.० टप्पा आहे, अर्ज ऑनलाइन किंवा पालिकेतून. देशात कुठंही पक्कं घर नको आणि मागच्या २० वर्षांत घराचा सरकारी लाभ घेतलेला नको. ३ लाखांपर्यंत उत्पन्न आणि स्वतःची जागा असेल तर बांधकामाला केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख. कर्ज काढून ३५ लाखांपर्यंतचं घर घेत असाल आणि उत्पन्न ९ लाखांच्या आत असेल तर व्याजात जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांची सवलत, पाच वार्षिक हप्त्यांत.

घर उभं राहिल्यावर दोन कामं उरतात. ग्रामपंचायतीत नमुना ८ वर नवीन बांधकामाची नोंद पत्नीच्या नावासह करून घ्या, आणि त्या उताऱ्यावर स्वतंत्र वीजमीटर मागा. आमच्या घराची पहिली घरपट्टी पावती मी जुन्या रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवली आहे, पत्नीचं नाव वर, माझं खाली.