इंटरनेटची ट्रायल कोणाला धरून घेताय?

फाईव्ह-जी आलं तेव्हा मुंबईत सगळ्यांनी पहिलं काम काय केलं तर स्पीड टेस्ट. स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकले, याचा आकडा मोठा की त्याचा, आणि दुसऱ्या दिवशी कुर्ला सोडल्यावर व्हिडिओ कॉल गोठायचा तसा गोठलाच. म्हणजे आकडा काही खोटा नव्हता, पण तो खिडकीजवळ एका जागी बसून काढलेला आकडा होता.

तर हे नवीन नेटवर्क लोकांच्या हातात यायच्या आधी कुठे तपासतात? त्यासाठी टेस्टबेड असतात. टेस्टबेड म्हणजे संशोधकांना बिनधास्त मोडायची परवानगी असलेलं नेटवर्क. चालू इंटरनेटवर नवीन प्रयोग करायची सोय नाही, एखादा राउटर चुकीचा वागला तर बँकेपासून हॉस्पिटलपर्यंत सगळे बोंबलणार. आपल्याकडे 17 मे 2022 ला देशी फाईव्ह-जी टेस्टबेडचं उद्घाटन झालं, आठ संस्थांनी मिळून उभारलेलं, पुढाकार आयआयटी मद्रासचा, खर्च 220 कोटींच्या घरात. त्या आठांत पवईची आयआयटी बॉम्बे आहे आणि समीर नावाची सरकारी संशोधन संस्था पण आहे, जिचं मुख्यालय त्याच आवारात. त्याआधी आपल्या स्टार्टअपना फाईव्ह-जीचं काही तपासायचं म्हटलं की परदेशातल्या लॅबकडे बघावं लागायचं.

टेस्टबेडचे ढोबळ दोन प्रकार धरा. क्रिकेटसारखे, एक नेट प्रॅक्टिस, दुसरी मॅच. अमेरिकेत युटा विद्यापीठाचं एम्युलॅब हे पहिल्या प्रकारातलं, खोलीभर कॉम्प्युटर आणि तुम्ही सांगायचं की मला या लाईनवर इतका उशीर पाहिजे, शंभरातली इतकी पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, हरवायला पाहिजेत, की सॉफ्टवेअर मुद्दाम तसं करतं आणि उद्या परत मागितलं तर परत सेम टु सेम. दुसऱ्या प्रकारातलं गाजलेलं नाव म्हणजे प्लॅनेटलॅब. 2002 मध्ये प्रिन्स्टनच्या लॅरी पीटरसन वगैरे मंडळींनी सुरू केलं. पद्धत अशी की प्रत्येक विद्यापीठानं निदान दोन मशीन द्यायची आणि बदल्यात सगळ्यांच्या मशीनवर थोडी थोडी जागा घ्यायची. वाढत वाढत हजाराच्या वर मशीन झाली जगभर, आणि त्यांच्यामध्ये खरं, गचाळ, कधी तुंबलेलं इंटरनेट. लॅबमध्ये झकास चाललेल्या कित्येक आयडिया तिथे आपटल्या, आणि माझ्या मते तोच त्याचा मोठा उपयोग. 2020 मध्ये ते बंद झालं.

नंतर हे लोण रस्त्यावर आलं. स्पेनमधल्या सांतांदेर शहरात पार्किंगपासून दिव्याच्या खांबांपर्यंत हजारो सेन्सर बसवून गावालाच टेस्टबेड केलं. युटामध्येच पावडर नावाचं वायरलेस टेस्टबेड आहे, त्यात विद्यापीठाच्या शटल बसवर रेडिओ लावलेत, कारण फोन टेबलावर पडून नसतो, फिरत असतो. आता बेस्टची बस डोळ्यासमोर आणा, सीएसएमटीहून निघालेली, एका बाजूला दगडी इमारती, पुढे फ्लायओव्हर, वर मेट्रोचा सांगाडा. रेडिओवाल्याला याहून कडक परीक्षा कुठे मिळणार!

बरं, हे सगळं मोजतं काय? बहुतेक वेळा स्पीड, उशीर, किती पॅकेट हरवली, आणि शेवटी या सगळ्याची सरासरी. माझं भांडण त्या सरासरीशी आहे. तीच लाईन, तोच खराब सिग्नल, पण कोण काय करतंय यावर नुकसान किती ते ठरतं. मी आवाजावर बोलतोय आणि अर्धा सेकंद गेला तर मी 'हॅलो हॅलो' करतो आणि पुढे जातो. पण दोन कर्णबधिर मित्र व्हिडिओ कॉलवर सांकेतिक भाषेत बोलतायत आणि सेकंदाला पंचवीसच्या जागी सात-आठ फ्रेम यायला लागल्या, तर हाताची हालचालच तुटते, म्हणजे वाक्यच गेलं. आणि गंमत अशी की गर्दीच्या वेळी बरीच अ‍ॅप काय करतात, तर आवाज वाचवतात आणि चित्र मारतात. कोणीतरी कधीतरी ठरवलं ना की आवाज महत्त्वाचा, चित्र जादाचं. ज्याला आवाज ऐकूच येत नाही त्याला हे ठरवताना विचारलं होतं का?

याच्या उलट, नीट विचार करून केलेली एक गोष्ट सांगतो, रिअल-टाईम टेक्स्ट. आपलं नेहमीचं चॅट म्हणजे पूर्ण लिहा मग सेंड, इथे टाईप होता होता अक्षरं समोरच्याला दिसत जातात, बोलल्यासारखी. इंटरनेटवरून हे कसं पाठवायचं त्याचा नियम 2005 सालचा आहे. साधारण दर 300 मिलिसेकंदाला एक पॅकेट जातं, आणि त्यात नवीन मजकुराबरोबर आधीच्या दोन पॅकेटचा मजकूर परत घातलेला असतो. म्हणजे लागोपाठ दोन पॅकेट हरवली तरी तिसरं आलं की भोक भरतं, परत मागवायची भानगड नाही, वाट बघणं नाही. त्याहून जास्त गळलं तर तिथे काहीतरी राहिलंय अशी खूण दिसते. मजकूर इतका हलका की तीनदा पाठवला तरी लाईनला पत्ता लागत नाही. 'मी दादरला उतरलो' पैकी 'दादरला' गायब होऊन 'मी उतरलो' पोचलं तर घोळ होतो, इमर्जन्सी कॉलवर तर विचारूच नका.

पण मराठीत हे तपासायला पाहिजे असं मला वाटतं. कॉम्प्युटरच्या हिशेबात 'क्ष' हे एक अक्षर नाही, क, मग हलन्त, मग ष असे तीन तुकडे, आणि अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत (यूटीएफ-8) प्रत्येकी तीन बाइट. म्हणजे तुम्ही 'क्षण' लिहिताना समोरच्याला आधी 'क' दिसणार, मग 'क्', मग त्याचं 'क्ष' होणार. डोळ्यांनी वाचणारा चालवून घेईल, पण समोरचा स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकत असेल तर त्याला कुठल्या क्षणी वाचून दाखवायचं? तुकडा आला की लगेच, का शब्द पुरा झाल्यावर? इंग्रजीवर सगळं पास करून आणलेल्या सर्व्हिसला हा प्रश्न पडतच नाही, आणि टेस्टबेडवर कितीही गिगाबिट मोजा, तो सापडणार पण नाही. त्यासाठी मराठीत टाईप करणारा एक आणि मराठीत ऐकणारा एक अशी खरी माणसं बसवायला लागतील.

आता ही काही दयामायेची गोष्ट राहिलेली नाही. 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. प्रकरण केवायसीचं होतं. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा, मग तुम्ही जिवंत आहात हे पटेल, आणि अर्ज करणाऱ्यांत अ‍ॅसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गेलेल्या बायका. मिचकवणार काय? ते सॉफ्टवेअर टेस्ट झालं नव्हतं असं नाही, टेस्ट करणाऱ्या सगळ्यांना डोळे होते.

मुंबईला खरं म्हणजे हे नवीन नाही. लोकलच्या प्लॅटफॉर्मवर अपंगांचा डबा जिथे येतो तिथे बीप वाजतो. कसलं फाईव्ह-जी नाही, अ‍ॅप नाही, अंध माणूस आवाजाच्या दिशेनं जाऊन उभा राहतो. यंत्र साधं आहे, पण ते कुठे पाहिजे हे त्या डब्यातून रोज जाणाऱ्यालाच माहीत. टेस्टबेडवाल्यांनी पण पहिल्या दिवसापासून अशीच दहा-बारा माणसं पगार देऊन घ्यावीत, सगळं बांधून झाल्यावर फीडबॅक फॉर्म भरायला नको. आणि सरासरीच्या शेजारी एक आकडा वेगळा छापावा, कॉल चालू होता त्यातला किती वेळ सांकेतिक भाषा वाचता आली.

घरी बघायचं असेल तर अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक हा त्याचा स्क्रीन रीडर चालू करा, स्क्रीन काळी करा आणि तुमच्या रोजच्या अ‍ॅपवरून एक वीजबिल भरून दाखवा. बटणाला नाव नसेल तर ते नुसतं 'बटन, बटन' म्हणत बसेल. सुरू करायच्या आधी सेटिंगमध्ये त्याचा व्हॉल्यूम बटणांचा शॉर्टकट ऑन करून ठेवा, म्हणजे दोन्ही बटणं काही सेकंद एकदम दाबली की ते बंद होतं. नाहीतर एका टॅपनं काहीच उघडत नाही, दोनदा टॅप करायला लागतं, आणि ते बंद कसं करायचं हे विचारायला घरातलं पोरगं शोधत बसाल.