सरकारचं ठरेना, विमा कधी काढायचा?

आरोग्य विम्यावरच्या १८ टक्के जीएसटीचं काय करायचं, यासाठी सप्टेंबर २०२४मध्ये मंत्रिगट नेमला गेला. डिसेंबरमध्ये निर्णय लांबला. अखेर २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा कर शून्य झाला. या वर्षभरात नवी पॉलिसी घेऊ पाहणाऱ्याने करायचं काय? आज घ्यावी तर उद्या स्वस्त होईल, थांबावं तर मधेच दवाखाना लागला म्हणजे?

अनिश्चितता वाढली की माणूस जास्त विमा काढेल, असं आपल्याला वाटतं. आग, अपघात, आजारपण यांच्या बाबतीत ते खरंही आहे. धोरणाची अनिश्चितता मात्र वेगळी. ती आज ना उद्या मिटणार असते, म्हणून थांबण्यालाच किंमत येते. परत न फिरवता येणारा खर्च अशा वेळी लोक पुढे ढकलतात, हे अमेरिकी अर्थतज्ज्ञ बेन बर्नान्के यांनी १९८३मध्येच गुंतवणुकीबाबत मांडलं होतं.

शिवाय जीवन विमा सोडला तर बराचसा विमा वस्तूंच्या पाठीवर बसून येतो. १५ ऑगस्ट २०२५ला लाल किल्ल्यावरून जीएसटी कपातीची घोषणा झाली आणि अनेकांनी गणपतीत आणायची गाडी नवरात्रावर ढकलली. गाडी नाही, तर तिचा विमाही नाही. कारखान्याची नवी शेड अडली की तिचा आगीचा विमाही अडतो.

जुन्या पॉलिसीचं तसं नाही. वाहनाचा थर्ड पार्टी विमा कायद्यानेच सक्तीचा. आरोग्य विम्यात खंड पडला, तर जुन्या आजारांसाठी मोजत आणलेला प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजारांचा खर्च विम्यातून मिळत नाही तो काळ, पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतो. त्यामुळे फटका नव्या खरेदीला बसतो, नूतनीकरण बरंचसं टिकून राहतं.

धोरणाची ही अनिश्चितता मोजतात वर्तमानपत्रांतून. बेकर, ब्लूम आणि डेव्हिस या अर्थतज्ज्ञांच्या निर्देशांकात अर्थव्यवस्था, अनिश्चितता आणि धोरण हे तिन्ही विषय एकत्र आलेल्या बातम्या मोजल्या जातात. भारतासाठी सात वर्तमानपत्रं घेतली आहेत, सगळी इंग्रजी. मला हे खटकतं. ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात थेट बंदी आली, मे २०२४मध्ये ती शुल्कासह उठली. निर्यातदाराचा कंटेनरच निघाला नाही, तर त्याच्या मालाचा सागरी विमा तरी कोण काढणार? लासलगावची ही घालमेल दिल्ली-मुंबईच्या इंग्रजी पानांत कितीशी उतरत असेल?