पेन्शनची महागाईशी सांगड

पेन्शनची महागाईशी सांगड म्हणजे पेन्शन किंवा सरकारी मदतीची रक्कम एकदा ठरवून तशीच सोडून न देता, किमती (किंवा पगार) वाढतील तशी तीही ठरलेल्या नियमाने वाढवत नेणं. याला इंडेक्सेशनसुद्धा म्हणतात. पेन्शनचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो 'किती मिळणार', पण खरं तर त्याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न 'वाढणार कशी' हा आहे, कारण पेन्शन वीस-पंचवीस वर्षं पुरवायची असते आणि तेवढ्या काळात पैशाची किंमत काय होते हे कुणाला वेगळं सांगायला नको.

साधा हिशोब करून बघा. पेन्शन १०,००० आणि महागाई वर्षाला ६ टक्के, तर बारा वर्षांनी त्याच १०,००० मध्ये आजच्या ५,००० एवढंच सामान येतं. पासबुकात रक्कम तीच दिसते, कुणी एक पैसाही कापलेला नसतो, तरी अर्धी पेन्शन गेलेली असते, आणि जाते ती नेमकी अशा वयात की नव्याने कमावणं शक्य नसतं. नोकरी करणारा पगारवाढ मागतो, नाही दिली तर दुसरी नोकरी शोधतो, दुकानदार भाव वाढवतो, पण ७५ वर्षांच्या माणसाने काय करायचं? म्हणून ही सांगड म्हणजे सरकारची मेहेरबानी नाही, दिलेला शब्द पाळायची ती किमान अट आहे.

सुरुवातीच्या पेन्शन योजनांमध्ये ही सोय नव्हतीच. जर्मनीत चॅन्सेलर (सरकारप्रमुख) बिस्मार्कच्या काळात १८८९ ला वृद्धापकाळ विम्याचा कायदा झाला, वयाची अट ७० वर्षं. ब्रिटनमध्ये १९०८ चा कायदा आला आणि जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग मिळायला लागले, मग पहिलं महायुद्ध आलं, किमती दुपटीच्या वर गेल्या आणि १९१९ ला ती रक्कम १० शिलिंग करावी लागली. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शन योजनेचा, पहिला मासिक चेक ३१ जानेवारी १९४० चा, व्हरमाँटमधल्या एका निवृत्त बाईंच्या नावाचा, २२ डॉलर ५४ सेंटचा. पुढची दहा वर्षं, त्यात सगळं दुसरं महायुद्ध आणि नंतरची महागाई आली, तो चेक तेवढाच राहिला. १९५० ला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा बदलला तेव्हा कुठे त्या बाईंचा चेक ४१ डॉलर ३० सेंट झाला. म्हणजे दहा वर्षं झळ सोसायची आणि मग एकदम वाढ, तीही संसदेला सवड झाली आणि निवडणुकीच्या तोंडावर कुणाला आठवण झाली तर. स्वयंचलित वाढीची मागणी आली ती यातूनच. अमेरिकेत त्यासाठीचा कायदा १९७२ चा आणि पहिली आपोआप वाढ १९७५ ची, ८ टक्के. त्या कायद्यात मात्र एक चूक राहिली होती, नव्याने निवृत्त होणाऱ्यांच्या हिशोबात महागाई दोनदा धरली जायची (एकदा वाढलेल्या पगारातून आणि परत एकदा सूत्रातून), खर्च भरमसाट वाढायला लागला आणि १९७७ ला ती दुरुस्त करावी लागली. सूत्र चुकलं तर काय होतं त्याचं हे ठळक उदाहरण.

सांगड कशाशी घालायची यावर सगळं अवलंबून असतं. किमतींशी घातली तर पेन्शनरचं राहणीमान आहे तिथेच टिकतं, पण बाकी समाजाचे पगार पुढे जात राहतात आणि तो मागे पडत जातो. पगारांशी घातली तर तो सगळ्यांबरोबर चालतो, खर्च मात्र जास्त येतो. जर्मनीने १९५७ ला पगारांशी घातली. ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकात पगार आणि किमती यातलं जे जास्त वाढेल त्याने पेन्शन वाढायची, १९८० ला ते काढून फक्त किमती ठेवल्या. एका वर्षात हा फरक किरकोळ वाटतो पण वीस-पंचवीस वर्षांत मूळ सरकारी पेन्शन सरासरी पगाराच्या चौथ्या हिश्श्यावरून सहाव्या हिश्श्याच्या आसपास आली. एप्रिल २००० ला तर महागाई कमी म्हणून आठवड्याला फक्त ७५ पेन्स वाढ मिळाली, नियमाप्रमाणे बरोबर, पण लोक प्रचंड चिडले. नंतर २०११ पासून 'ट्रिपल लॉक' आला, म्हणजे महागाई, पगारवाढ किंवा २.५ टक्के, यातलं जे जास्त ते. त्यावर टीका अशी की आकडा वर जातो पण खाली कधीच येत नाही आणि बोजा कमावत्या पिढीवर पडतो. टीकेत तथ्य आहे, पण त्याच देशात २०१६ ते २०२० अशी चार वर्षं कमावत्या वयातल्या लोकांना सरकारी मदत म्हणून मिळणाऱ्या बहुतेक भत्त्यांची वाढ गोठवली होती हेही विसरून चालणार नाही, तरुण कुटुंबांचं नुकसान झालं ते त्या गोठवण्याने. स्वीडनने वेगळाच मार्ग काढला, तिथे वाढ उत्पन्नाच्या निर्देशांकावर (लोकांची सरासरी कमाई किती वाढली ते दाखवणाऱ्या आकड्यावर) ठरते आणि पेन्शन व्यवस्थेची देणी जमेपेक्षा जास्त झाली की वाढ आपोआप कमी होते, २०१० ला हे पहिल्यांदा घडलं.

भारतात एकाच देशात दोन्ही टोकं दिसतात. केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, महागाई रिलीफ (मूळ पेन्शनच्या टक्केवारीत मिळणारी जादा रक्कम) मिळतो, तो औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर, म्हणजे ते घेतात त्या वस्तूंच्या किमती किती वाढल्या यावर, ठरतो. कोविडमध्ये तीन हप्ते गोठवले होते, जुलै २०२१ पासून दर १७ वरून २८ टक्के केला पण मधल्या काळाची थकबाकी दिली नाही. दुसरीकडे खाजगी क्षेत्रातल्या कामगारांची ईपीएस-९५ (१९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना), तिची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ ला १,००० रुपये ठरली आणि दहा वर्षांनंतरही तेवढीच होती. गरीब वृद्धांच्या पेन्शनमधला केंद्राचा हिस्सा २००७ ला २०० रुपये होता, ६० ते ७९ वयासाठी तो २०२४ मध्येही २००च. ज्यांची पेन्शन सगळ्यात छोटी त्यांनाच सांगड नाही, हे उफराटं आहे आणि ते बदललंच पाहिजे.

नियम असला तरी दोन अडचणी उरतात. पहिली उशिराची. ब्रिटनमध्ये एप्रिलची वाढ आदल्या सप्टेंबरच्या महागाईवर ठरते. सप्टेंबर २०२१ ला महागाई ३.१ टक्के होती आणि पगारवाढीची अट त्या वर्षापुरती बाजूला ठेवली होती, त्यामुळे एप्रिल २०२२ ला वाढ मिळाली ३.१ टक्के, पण तोपर्यंत महागाई ९ टक्क्यांवर गेलेली. पुढच्या वर्षी १०.१ टक्के मिळाले हे खरं, पण गॅस-विजेची बिलं आधीच भरून झाली होती, आणि हाताशी शिल्लक नसलेल्या माणसाला पुढच्या वर्षीची वाढ या हिवाळ्यात काय कामाची. दुसरी अडचण टोपलीची. निर्देशांक ज्या वस्तूंच्या यादीवर (तिलाच टोपली म्हणतात) काढतात ती बऱ्याचदा कमावत्या कुटुंबांची असते, म्हाताऱ्या माणसांचा खर्च औषधं, दवाखाना याकडे जास्त झुकलेला असतो. अमेरिकेत वृद्धांसाठी वेगळा निर्देशांक प्रयोग म्हणून काढतात, पण कायद्याने वाढ ठरते ती नोकरदारांच्याच निर्देशांकावर.

एकरकमी मदत आणि सांगड यात गल्लत करू नये. एकरकमी मदत त्या वर्षी उपयोगी पडते पण मूळ रकमेत मिसळत नाही, त्यामुळे पुढची वाढ तिच्यावर मोजली जात नाही.

आणि सांगड कुणाला लागू हेही कायदाच ठरवतो. ब्रिटनची पेन्शन घेऊन अमेरिकेत राहणाऱ्याला दरवर्षीची वाढ मिळते, पण तीच पेन्शन घेऊन शेजारच्या कॅनडात, किंवा ऑस्ट्रेलियात, भारतात राहणाऱ्याला मिळत नाही. हप्ते आयुष्यभर सारखेच भरले असले तरी त्याची रक्कम तिकडे गेल्यावर गोठते ती गोठलेलीच राहते.