मराठी ईमेलच्या विषयात प्रश्नचिन्हे का उमटतात? : पार्श्वभूमी

पुण्यातल्या सोसायट्या, शाळा आणि प्रकाशन संस्थांच्या पत्रव्यवहारात एक तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. ईमेलमधला मराठी मजकूर नीट पोहोचतो, पण विषयाच्या ओळीत मधेच प्रश्नचिन्हे किंवा चौकोन दिसतात. फॉन्टच बिघडला असे समजून अनेक जण विषय रोमन लिपीत लिहू लागतात, याचे वाईट वाटते, कारण चूक नियम न पाळणाऱ्या सॉफ्टवेअरची असते.

ईमेलचे मूळ नियम १९८२ चे. जॉन पोस्टेल यांनी टपाल पोहोचवण्याची आणि डेव्हिड क्रॉकर यांनी संदेशाच्या मांडणीची रीत ठरवली, तेव्हा मजकूर सात बिटांच्या आस्कीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत असणार हे गृहीत होते. पुढे भारतीय लिप्या संगणकावर आल्या. त्या कामात १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. १९९१ मध्ये युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, पहिल्याच आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. लिपी तयार होती, टपालाची वाट मात्र अजून इंग्रजीपुरतीच होती.

ती वाट १९९२ मध्ये नॅथनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांच्या माइम मानकाने, म्हणजे ईमेलमधून इतर लिप्या आणि फाइली पाठवण्याच्या नियमांनी, रुंद केली. विषयाच्या ओळीसाठीचा सध्याचा नियम कीथ मूर यांनी १९९६ मध्ये लिहिला, आणि आपली अडचण नेमकी तिथे आहे. या नियमानुसार आस्कीबाहेरचा मजकूर सांकेतिक तुकड्यांत पाठवायचा असतो, एक तुकडा ७५ चिन्हांपेक्षा मोठा नसावा आणि कोणतेही अक्षर दोन तुकड्यांत विभागले जाऊ नये. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडची चिन्हे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट घेते, आणि बाइट साध्या आस्की चिन्हांत लिहिणाऱ्या बेस-६४ पद्धतीने एका तुकड्यात ४५ बाइटच मावतात. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना’ हा विषय ८४ बाइटांचा होतो. अक्षरांचा विचार न करता ४५व्या बाइटवर कापले, तर ‘साधारण’मधल्या ‘ध’चा काना अर्धा इकडे, अर्धा तिकडे जातो आणि वाचणाऱ्याला ‘साध’ व ‘रण’ यांच्यामध्ये कचरा दिसतो.

ईमेलला जोडलेल्या फाइलच्या नावांसाठी १९९७ मध्ये वेगळी रीत आली. तरीही कित्येक प्रोग्राम विषयाचीच रीत नावातही वापरतात, जी १९९६ च्या नियमाने तिथे स्पष्टपणे निषिद्ध केलेली आहे.

अशा चुका टिकल्या त्यामागे पोस्टेल यांचेच एक उदार तत्त्व आहे : स्वतः पाठवताना काटेकोर राहा, दुसऱ्याचे स्वीकारताना सैल राहा. दुसरा भाग सर्वांनी उचलला, पहिला विसरला गेला. घेणारा प्रोग्राम अंदाजाने दुरुस्ती करतो, म्हणून पाठवणाऱ्याचा दोष झाकला जातो. शिवाय साध्या इंग्रजी विषयाला संकेताची गरजच नसल्याने, केवळ इंग्रजीत झालेल्या चाचणीत तो कधी सापडत नाही.

२०१२ मध्ये विषय थेट यूटीएफ-८ मध्ये पाठवण्याची सोय मानकांत आली. पण ती वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरने मान्य केली तरच चालते, म्हणून बहुतेक मराठी टपाल आजही १९९६ च्याच नियमाने कापले आणि जोडले जाते.